उरलेला चेहरा

१

माणसं टीव्ही बघतात हे आप्पांना ठाऊक होतं. टीव्ही बघणाऱ्या माणसांना बघायला आणखी माणसं बसतात, हे पटायला मात्र त्यांना बरेच दिवस लागले. बस डेपोत टाइमकीपर म्हणून त्यांनी जन्म काढलेला. गाडी आली आणि गाडी गेली, एवढ्या दोनच घटनांवर त्यांचा विश्वास.

"म्हणजे आपण नुसतं बसायचं?" त्यांनी धाकट्या मुलाला विचारलं होतं.

"बसायचं आणि बघायचं."

"आणि लोक?"

"लोक आपल्याला बघणार."

"का? त्यांच्या घरी टीव्ही नाहीत?"

हे संभाषण चालू कॅमेऱ्यापुढेच झालं आणि त्याच व्हिडिओमुळे त्यांचं चॅनेल वर आलं. तोपर्यंत ते धाकट्याचं चॅनेल होतं. त्या दिवसापासून लोक आप्पांना काका म्हणू लागले आणि ते काकांचं झालं.

धाकट्याच्या नोकऱ्या टिकत नसत. त्याचं म्हणणं, साहेब वाईट भेटतात. सगळेच कसे वाईट भेटतात, हे विचारायचं आप्पांनी सोडून दिलं होतं. ताई, म्हणजे आप्पांची थोरली, लग्नाच्या व्हिडिओंचं एडिटिंग करायची. रडणाऱ्या आया आणि जेवणारे पाहुणे यांची जुळणी करून करून ती कंटाळली होती. आई गेल्यावर ती आप्पांकडेच राहायला आली. धाकटा तिला ताई म्हणतो म्हणून आप्पाही ताईच म्हणत. धाकट्याला ते छोटू म्हणत. छोटू इतका उंच की दारातून आत येताना मान वाकवायचा, पण त्याने नावात काही फरक पडत नव्हता.

मालिकेचं नाव 'तारणहार'. फक्त प्रौढांसाठी. पांढऱ्या कपड्यांतला एक उडणारा माणूस. शहरभर त्याचे पुतळे, शाळेच्या पोरांच्या दप्तरांवर त्याचं चित्र. आणि दार बंद झालं की तोच माणूस जे करायचा ते बघून धाकटा सोफ्यावर पाय वर घ्यायचा. तारणहार कधी ओरडत नसे. तो खोलीत कुठून आला हे दाखवतच नसत. समोरच्याचा चेहरा बदलायचा, आणि मग कळायचं की तो मागे उभा आहे. खांद्यावर हात ठेवलेला.

"आमचे डेपो मॅनेजर अस्सेच खांद्यावर हात ठेवायचे," आप्पा कॅमेऱ्याकडे न बघता म्हणाले होते. "मग बदलीचा कागद यायचा."

लोकांनी ते वाक्य टी-शर्टवर छापून घेतलं.

२

दर शुक्रवारी दुपारी नवा भाग यायचा आणि तो आल्याबरोबर शूटिंग व्हायचं. पडदे ओढायचे, दाराला आतून कडी, फोन बंद. दोन कॅमेरे. एक सोफ्यावरच्या धाकट्यावर आणि एक खुर्चीतल्या आप्पांवर, अगदी जवळून, कारण लोकांना त्यांच्या कपाळावरच्या आठ्यासुद्धा हव्या होत्या. आप्पांच्या चष्म्याचा एक ताप होता. त्यात सगळं दिसायचं: टीव्हीचा चौकोन, दिवा, कॅमेऱ्यामागची ताई. दिवा इकडेतिकडे सरकवून ताई ते प्रतिबिंब पुसट करायची. पुरतं कधीच जायचं नाही.

ताई उभी राहायची टीव्हीच्या बाजूला, दोन्ही कॅमेऱ्यांच्या मागे. तिथून पडदा दिसत नसे, त्यामुळे प्रत्येक भाग ती पहिल्यांदा बघायची तो या दोघांच्या चेहऱ्यांवर. कोण मेलं हे तिला धाकट्याच्या भुवयांवरून कळायचं.

सुरुवातीला धाकटा एक टाळी वाजवायचा. दोन कॅमेरे आणि टीव्हीपाशी ठेवलेल्या माइकवरचा मालिकेचा आवाज एका रांगेत आणायचे तर सगळ्यांत सारखी अशी एक खूण लागते. तिन्ही ठिकाणची टाळी एकाखाली एक लावली की पुढचं आपोआप जुळतं. या कामात ताईचा हात बसलेला होता. झोपेतही केलं असतं.

आणि एका शनिवारी सकाळी ते जुळेना.

म्हणजे टाळी जुळत होती. धाकट्याचे हात एकमेकांवर आपटत होते तिथेच आवाज होता, आप्पांच्या माइकवरही तिथेच होता. पण टाळीने आप्पांची पापणी लवायची, ती टाळीच्या आधी लवली होती.

पापणी काय, कधीही लवते. ताईने पुढे पाहिलं. तारणहार दार उखडतो तिथे धाकटा दचकला होता, दाराबरोबर. आप्पा त्याच्या थोडे आधी दचकले होते. दार उखडलं तेव्हा त्यांची मान परत ताठ झाली होती आणि हात पाण्याच्या ग्लासकडे निघाला होता.

मशीनची चूक असणार. मशीनला शिव्या घालायचा हक्क एडिटरला असतोच, तो तिने बजावला. मग आप्पांचं चित्र पकडून तिने जरासं पुढे ढकललं. आता आप्पा दाराबरोबर दचकले. छान दिसलं.

३

पुढच्या शुक्रवारी तिने केबल बदलली, कॅमेऱ्यांची अदलाबदल केली. धाकट्याचा चेहरा ज्या कॅमेऱ्याने टिपला तो चोख निघाला. आप्पा ज्या कॅमेऱ्यात होते त्यात आप्पा आधी होते. आणि मागच्यापेक्षा जास्त आधी. तिने चित्र पुन्हा ढकललं.

तिच्या हातून एक गोष्ट सुटली. वाक्यं. आप्पांचे ओठ आणि आवाज एकत्रच ढकलले जात, त्यामुळे मधेच धाकटा "काय म्हणालात आप्पा?" असं विचारायचा आणि आप्पा त्यानंतर बोलायचे. हे लोकांच्या लक्षात आलं. बघणाऱ्यांना बघणाऱ्यांना दुसरं काम नसतं.

धाकटा कमेंट वाचून दाखवत होता. "'काकांनी भाग आधीच पाहिलेला आहे.' 'सगळं ठरवून चाललंय.' 'म्हातारा नाटकी आहे.' याला चारशे लोकांनी पसंती दिलीय, आप्पा!"

आप्पांनी पेपर खाली ठेवला. "मी चोरून बघतो म्हणतात?"

"आप्पा, जाऊ द्या. लोक काहीही बरळतात."

"डेपोत एकदा एका ड्रायव्हरने मला म्हटलं होतं, वेळ खोटी टाका. त्याला मी दुसऱ्या दिवसापासून नमस्कारसुद्धा केला नाही." त्यांनी चष्मा वर सारला. "ताई, तू सांग ना त्यांना. तू सगळं जवळून बघतेस."

ताई म्हणाली, "सांगते."

काय सांगणार? तिने दाराची कडी तीनदा तपासली होती. भाग जगात कुठेही त्या दुपारच्या आधी आलेला नव्हता.

"अगं, आप्पांचा स्वभावच आहे तो," धाकटा हसत म्हणाला. "लग्नाला जायचं तर मांडव घालणाऱ्यांच्या आधी हजर. जन्माला पण आधीच आले असतील."

"आलोच होतो," आप्पा म्हणाले. "महिनाभर आधी."

४

डॉक्टरांनी आप्पांच्या गुडघ्यावर हातोडी मारली, डोळ्यांत बॅटरी टाकली, बोट नाचवून दाखवलं. सगळं ठणठणीत. "तुमच्यापेक्षा यांची नजर तल्लख आहे," ते ताईला म्हणाले. "तुम्ही मात्र झोप घेत जा."

परत येताना रिक्षात ताईने विचारलं, "आप्पा, मालिका बघताना तुम्हाला पुढचं आधी कळतं का हो?"

"मला काय कळायचंय? पडद्यावर दिसतं ते बघतो."

"दिसल्यावर दचकता?"

"मग काय न दिसता दचकू?" ते रिक्षाच्या दांडीला धरून तिच्याकडे वळले. "उलट तुमचंच मला नवल वाटतं. एवढं डोळ्यांपुढे घडतं, तो छोटू मख्खासारखा बसतो, आणि सगळं होऊन गेल्यावर किंचाळतो. म्हटलं हल्लीच्या पोरांना उशिराच पोचत असेल."

रिक्षात गार वारा येत होता, तो ताईने बाजूचा पडदा ओढून बंद केला.

अंतर वाढतच होतं. श्वासभराचं मिनिटावर गेलं, मिनिटाचं एका प्रसंगावर. चित्र ढकलताना सुरुवातीला भोक पडायचं ते ताई आप्पांच्या जुन्या शांत चेहऱ्यांनी बुजवायची. शांत चेहरे भरपूर निघत होते. कारण जेव्हा पडद्यावर खरोखर काही घडायचं, रक्त भिंतीवर उडायचं आणि धाकटा उशीत तोंड खुपसायचा, त्या वेळी आप्पा हटकून शांत असायचे. पाणी प्यायचे. ग्लास जागेवर ठेवायचे. एखाद्याचं सगळं बघून झालेलं असावं तसे.

५

एके शुक्रवारी काहीच जुळलं नाही. ताईने आप्पांचं चित्र पुढे ढकललं, आणखी ढकललं, भाग संपला तरी ढकललं. आप्पा भलत्याच ठिकाणी हसत होते आणि नायिकेच्या आईला जाळलं तिथे कान खाजवत होते. तो भाग तिने धाकट्याच्या एकट्याच्या चेहऱ्यावर काढला. कमेंटमध्ये लोकांनी आप्पांना श्रद्धांजली वाहिली.

पुढच्या आठवड्याचा भाग आला तेव्हा तिच्या मनात काय आलं ते तिलाही सांगता आलं नसतं. तिने त्या नव्या भागाखाली आप्पांचा गेल्या आठवड्याचा चेहरा लावून पाहिला.

केसाइतकाही फरक नव्हता. सुरुवातीच्या टाळीला पापणी लवली, या आठवड्याच्या टाळीला. विमान कोसळताना आप्पांच्या आठ्या विमानाबरोबर चढत गेल्या. तारणहाराने मुलाच्या डोक्यावरून हात फिरवला तिथे त्यांनी ओठ दाबले, आणि त्या हाताने पुढे जे केलं तिथे डोळे मिटले.

ताई खुर्ची मागे सारून उठली. स्वयंपाकघरात जाऊन तिने गॅस बंद आहे का पाहिलं. बंद होता. तो कोणी लावलाच नव्हता. बाहेर आप्पा खिडकीत बसून नखं कापत होते. कट, कट, कट.

घाबरायचं की काम उरकायचं, असा प्रश्न आला की एडिटर काम उरकतो. चॅनेलवर तीन माणसांचं घर चालत होतं, आणि नाटकी म्हातारा हा शब्द आप्पा अजून विसरले नव्हते. तिने गेल्या आठवड्याचे आप्पा आणि या आठवड्याचा धाकटा शेजारी शेजारी लावून व्हिडिओ सोडला. शर्ट वेगळे होते, म्हणून पुढच्या वेळेपासून दोघांना दर शुक्रवारी तेच शर्ट घालायला सांगितले. धाकट्याला म्हणाली, ओळख निर्माण होते.

लोक खूश झाले. 'काका परत आले!' 'हा माणूस खोटं करूच शकत नाही.' आप्पांनी ती कमेंट दोनदा वाचून घेतली आणि त्या दिवशी संध्याकाळी जरा जास्तच लांब फिरून आले.

असं मालिका संपेपर्यंत चाललं. दर शुक्रवारी ताई आप्पांचा पुढच्या आठवड्याचा चेहरा टिपायची आणि जपून ठेवायची. तो आधी बघायचा नाही, असा तिने स्वतःला नियम घातला होता; शूटिंग चालू असतानाही ती नजर धाकट्यावरच ठेवायची. गोष्ट फुटू नये म्हणून, असं तिचं कारण होतं.

६

मालिकेचा शेवटचा भाग आला. गेल्या आठवड्याचे आप्पा त्याला चपखल बसले. व्हिडिओ गेला. चॅनेलच्या इतिहासात कधी बघितला गेला नव्हता इतका तो बघितला गेला. धाकट्याने केक आणला.

केक खाऊन झाल्यावर ताईच्या लक्षात आलं की एक चेहरा उरला आहे.

शेवटच्या भागाच्या दिवशी टिपलेले आप्पा. ते पुढच्या शुक्रवारचे. पण पुढच्या शुक्रवारी भागच नव्हता. मालिका संपली होती, नवं पर्व वर्ष-दोन वर्षं येणार नव्हतं.

तिने तो चेहरा सोमवारी सकाळी लावला. पडदे उघडे होते, बाहेर कोणाची तरी गाडी सुरू होत नव्हती.

आधी पापणी लवली. म्हणजे टाळी. मग बराच वेळ काही नाही. आप्पा कंटाळलेले, जिथे काहीच चाललेलं नाही तिथे बघावं तसे बघताना. एवढ्या सगळ्या शुक्रवारांत त्यांची नजर पडद्यावर असायची. इथे ती पडद्यावर नव्हती. थोडी बाजूला होती. ताईने चित्र थांबवून खोलीकडे पाहिलं. खुर्चीपासून टीव्ही, टीव्हीपासून थोडं बाजूला. कॅमेऱ्यांच्या मागे. ती स्वतः उभी राहते ती जागा.

मग भुवया जवळ आल्या. नजर तिथेच, पण जरा वर सरकली. माणसाच्या खांद्यावर जावी एवढी. मग आणखी वर. मग तोंड उघडलं, आवाज नाही. उजवा हात उठला, तळवा समोर, येणाऱ्या गाडीला थांबवावं तसा. तो हात तसाच राहिला आणि हळूहळू खाली आला.

आणि मग आप्पांनी चष्मा काढला. काड्या एकेक करून दुमडल्या. शर्टाच्या खिशात ठेवला.

ही हालचाल ताईने आयुष्यात एकदाच पाहिली होती. हॉस्पिटलच्या व्हरांड्यात. आतून डॉक्टर बाहेर आले आणि आईबद्दल बोलायला त्यांनी तोंड उघडायच्या आधीच आप्पांनी चष्मा असाच खिशात ठेवला होता.

बाहेरची गाडी अखेर सुरू झाली आणि निघून गेली.

७

"त्यांना वाईट वाटलं असेल, मालिका संपली म्हणून," धाकटा म्हणाला. ताईने त्याला सगळं सांगितलं होतं. त्यातलं अर्धं त्याला पटलं नव्हतं आणि उरलेल्याचा त्याला राग आला होता. "म्हणजे इतके आठवडे तू शिळे आप्पा लावत होतीस?"

"शिळे नाही. ताजेच म्हणायचे."

"ताई, तू झोप बरं जरा."

तिलाही तेच वाटून घ्यायचं होतं. म्हातारा माणूस, आवडती मालिका संपली, डोळे भरून आले, चष्मा काढला. यात काय आहे? चष्म्यातलं प्रतिबिंब तिने मोठं करून करून पाहिलं. टीव्ही, दिवा, ती. बास.

तिने आप्पांना विचारलं, "शेवटचा भाग कसा वाटला?"

"मला नाही आवडला," आप्पा म्हणाले. "त्यावर बोलायचं नाही."

पण त्या आठवड्यात आप्पा विचित्र वागले. म्हणजे चांगले वागले. सकाळी त्यांनी ताईला चहा करून दिला. आयुष्यात गॅसपाशी न गेलेला माणूस. धाकट्याची चप्पल तुटली होती ती स्वतः शिवून आणली. जाता येता दोघांच्या डोक्यावर हात ठेवायचे आणि काही न बोलता पुढे जायचे. एकदा ताई पाणी पीत होती तर दारात उभे राहून तिच्याकडे बघत राहिले. तिने विचारलं, "काय हो आप्पा?" तर म्हणाले, "काही नाही. पी."

दोघांपैकी कोण जाणार, हे त्यांच्या वागण्यातून ती शोधत राहिली. काही पत्ता लागला नाही. ते दोघांशीही सारखेच वागत होते.

बुधवारी धाकट्याने जाहीर केलं. शुक्रवारी दुपारी लाइव्ह. काका आणि धाकटा मालिकेवर गप्पा मारणार, लोक प्रश्न विचारणार.

"शुक्रवारी नाही," ताई म्हणाली. "शनिवारी कर. रविवारी कर."

"सांगून बसलोय लोकांना! तुला नको तर तू नको येऊस. कॅमेऱ्यामागे मी उभा राहतो. लोकांना तसेही आप्पाच हवेत, माझं थोबाड कोणाला पाहिजे?"

कॅमेऱ्यामागे कोणीतरी उभं राहणार, हे त्या चेहऱ्यात होतं. कोण, एवढंच नव्हतं.

"नको," ती म्हणाली. "तू सोफ्यावर बस. तिथून उठायचं नाही, काही झालं तरी. मी उभी राहते. आणि एक कर माझ्यासाठी. टाळी वाजवू नकोस."

"लाइव्हला टाळी कशाला लागते? जुळवायचंय काय त्यात?"

"तेच म्हणते. वाजवू नकोस. शपथ घे."

"बरं बाई, शपथ."

तिच्या हिशोबाने ती एक फट होती. उरलेल्या चेहऱ्यात टाळी होती. शुक्रवारी टाळी वाजली नाही तर तो चेहरा या शुक्रवारचा नाही. मग तो वर्षा-दोन वर्षांनी येणाऱ्या भागाचा असेल, नाहीतर नुसता एका म्हाताऱ्या माणसाचा.

८

शुक्रवारी तिने पडदे ओढले नाहीत. खोलीत लख्ख ऊन होतं. टीव्हीची पिन भिंतीतून काढून वायर गुंडाळून ठेवली. कॅमेरे मागे सरकवले, इतके की त्यांच्या मागे उभं राहिल्यावर तिची पाठ भिंतीला टेकली. भिंत हाताने चाचपून पाहिली. गार, खरखरीत, एका ठिकाणी रंगाचा पोपडा. मागून यायला जागा नव्हती. हे तिने मनाशी दोनदा म्हटलं.

शेवटचा उपाय म्हणून ती आप्पांपाशी गेली. "आप्पा, चला, आपण दोघं फिरून येऊ."

आप्पा खुर्चीत बसलेलेच होते. ठरलेला शर्ट, शेजारी पाण्याचा ग्लास. वेळेच्या बरेच आधी.

"आत्ता?" ते म्हणाले. "वेळ झाली ना." आणि त्यांनी तिचा हात हातात घेऊन थोपटला.

ताई जागेवर गेली. कॅमेऱ्यांना जोडलेल्या छोट्या पडद्यावर दोन चौकोन: डावीकडे धाकटा, उजवीकडे आप्पा. चष्म्यात खिडकीचं ऊन, बंद टीव्ही, आणि भिंतीला चिकटलेली तिची बारकी सावली. चौकोनांखाली कमेंटमध्ये लोक जमू लागले. 'आले का काका?' 'काका, आमच्या मॅनेजरबद्दल बोला.'

धाकटा सोफ्यावर सावरून बसला, केस नीट केले, कॅमेऱ्याकडे बघून हसला, आणि टाळी वाजवली.

हाताला वळण पडलेलं. वाजवल्यावर त्याचं त्यालाच कळलं. त्याने जीभ चावली आणि ताईकडे बघून, चुकलो, असा चेहरा केला.

ताई त्याच्याकडे बघत नव्हती. ती आप्पांच्या चौकोनाकडे बघत होती. टाळी एवढी कडक होती, पण आप्पांची पापणी लवली नाही. ती लवून आठवडा झाला होता.

"नमस्कार मंडळी," धाकटा म्हणाला. "आज मालिका नाही, आज फक्त आम्ही. आधी एक प्रश्न घेऊ. एक मॅडम विचारतायत, तारणहार खोलीत येतो कुठून? काका, काय वाटतं तुम्हाला?"

आप्पा म्हणाले, "येत नाही तो. असतोच."

खाली हसण्याची चित्रं भराभर वर सरकत गेली. धाकटाही हसला. हसता हसता त्याने ताईकडे पाहिलं, विनोद पोचला का बघायला.

त्याचं हसणं मिटलं. भुवया जवळ आल्या.

तो क्रम ताईला पाठ होता. सोमवारपासून तिने तो पुढे-मागे करून इतक्या वेळा पाहिला होता की आता पुढे काय येणार हे तिला त्याच्या आधी कळत होतं. त्याची नजर तिच्या खांद्यावर गेली. मग जरा वर. तिच्या पाठीमागे भिंत होती, तिने ती पाठीने दाबली. पाठीला रंगाचा पोपडा टोचत होता. भिंत तिथेच होती. धाकट्याचं तोंड उघडलं आणि आवाज आला नाही.

'धाकट्याची ॲक्टिंग बघा!' खाली कोणीतरी लिहिलं. 'अरे टीव्ही बंद आहे, काय बघतोयस?'

धाकट्याचा उजवा हात उठला. तळवा समोर. तो सोफ्यावरून उठू पाहत होता आणि त्याला उठता येत नव्हतं.

"उठू नकोस," ताई म्हणाली. आपला आवाज तिला फार लांबून आल्यासारखा वाटला. "छोटू, शपथ आहे तुला. उठू नकोस."

मागे वळून बघायचं नाही एवढं तिने ठरवलं होतं, म्हणून तिने छोट्या पडद्यावर पाहिलं. उजवा चौकोन. आप्पांचा चष्मा, जवळून. खिडकी, टीव्ही, भिंतीला चिकटलेली तिची बारकी सावली. त्या सावलीला लागून, भिंत असायला हवी तिथे, आणखी एक. उंच. तिच्यापेक्षा बरीच उंच, आणि खाली वाकत असलेली.

'काका बघा कसे ढिम्म!' लोक लिहीत होते. 'काकांना काही म्हणजे काही वाटत नाही!'

आप्पांच्या चेहऱ्यावर खरंच काही नव्हतं. डोळे मात्र सुजलेले होते, आठवडाभर रडलेल्या माणसाचे असतात तसे. त्यांनी ग्लास उचलला, सावकाश पाणी प्यायले, आणि तो जागेवर ठेवला.